नुसते ओठ

गुड फ्रायडेच्या उपासनेत बेंजामिनने पेटीवर क्रूसाचं गीत धरलं, तशी सगळ्या मंडळीने रीतीप्रमाणे डोळे मिटले. आपल्या आवाजाने कोणकोण रडतंय, हे पाहायला त्याने मात्र डोळे किलकिले केले.

गायकांच्या पहिल्याच बाकावर म्हातारी रिबेकामावशी होती. मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. सकाळी सरावाला सर्वांदेखत तोच तिला म्हणाला होता, "मावशी, तुमच्यामुळे सूर बिघडतो. नुसते ओठ हलवा."

शेवटच्या कडव्याला तो गाता गाता मध्येच थांबला.

उपासनेनंतर पाळकसाहेबांनी त्याची पाठ थोपटली. "क्रूसाच्या दुःखाने कंठ दाटला तुमचा."

मागून मावशी चाचरत म्हणाली, "लेकरा, तू मध्येच थांबलास, पण मी आवाज नव्हता काढला हं."