डायक्रोमेट आणि वाघीण

मोहर्ली गेटातून जिप्सी आत शिरली तेव्हापासून मागच्या सीटवरच्या मॅडमनी मुलाच्या मांडीवर केमिस्ट्रीचा पेपर ठेवला होता. सोमवारी त्याची क्लासची परीक्षा. तलाव गेला, गवे गेले, पोरानं मान वर केली की मॅडम म्हणायच्या, "आधी ते सोडव. नाहीतर यांच्यासारखं जंगलात धूळ खात फिरावं लागेल."

'यांच्यासारखं' म्हणजे माझ्यासारखं. मी दामिनी, त्यांची गाईड.

मग वाघीण आली आणि रस्त्यातच आडवी पसरली. पुढे ती, मागे सात जिप्सी. "हे आता घंटाभर काई हालत नाई," आमचे ड्रायव्हर धनराजभाऊ पुटपुटले.

"अडकलोच आहोत, तर तेवढं संपव," मॅडम मुलाला म्हणाल्या.

पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये क्रोमियमचा ऑक्सिडेशन नंबर किती, इथं तो केव्हाचा अडला होता. त्याचे भरून आलेले डोळे मला बघवेनात.

"ऑक्सिजन सात, म्हणजे मायनस चौदा," मी हळूच म्हणाले. "पोटॅशियमचे प्लस दोन. राहिले बारा, ते दोन क्रोमियममध्ये वाटायचे. प्रत्येकी प्लस सहा."

पोरगा वाघीण सोडून माझ्याकडेच बघत राहिला. "ताई, तुम्ही किती शिकलात?"

"एम.एस्सी. केमिस्ट्री. फर्स्ट क्लास."

मॅडमनी हात लांब करून त्याच्या मांडीवरचा पेपर उचलला आणि घडी करून पर्समध्ये टाकला.



"राहू दे आता. वाघ बघ."