फट

तोंड उघड.

"आणखी," थोरली म्हणाली.

"आणखी उघडलं तर जबडा तुझ्या हातात येईल," धाकटी म्हणाली. म्हणजे तसं काहीतरी म्हणाली. तोंड उघडं असताना तिचे सगळे शब्द सारखेच ऐकू यायचे.

धाकटी मोरीजवळच्या स्टुलावर भिंतीला डोकं टेकून बसली होती. तिच्या टाळूला बसवलेल्या प्लेटच्या मधोमध एक बारीक स्क्रू होता. थोरलीनं त्याच्या भोकात तारेची चावी घातली आणि मागे ढकलली. एक घर. रोज सकाळी, शाळेच्या आधी. खरं तर हे काम आईचं, पण आईला जवळचं धड दिसत नव्हतं.

"ताई, तुझी ती करंगळी. डोळ्यात जाईल एखाद दिवशी."

लहानपणी दारात चेंगरलेली करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडीच राहिली होती. थोरलीनं ती मुद्दाम आणखी थोडी टोचली.

"झालं?"

"झालं."

मग तिनं रोजच्यासारखं धाकटीच्या पुढच्या दोन दातांकडे पाहिलं. फट नव्हती.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, टाळू रुंद व्हायला लागला की पुढच्या दोन दातांत फट पडेल, घाबरू नका, तीच चांगली खूण. मग ओठ मिटतील, गाल भरतील, चेहऱ्याची लांबट कळा जाईल. थोरली रोज डोळ्यांत तेल घालून त्या फटीवर पहारा करत होती. ती पडू नये म्हणून.

हात सपाट ठेव.

दोघींचं तोंड सारखंच. अरुंद जबडा, एकमेकांवर चढलेले दात, बोलणं संपलं तरी उघडेच राहणारे ओठ. "दोघी बापाच्या वळणावर गेल्या," आई म्हणायची. "मला कुणी विचारलंच नाही."

थोरली पंधराची, धाकटी तिच्याहून दीड वर्षानं लहान. पण वाढ वयावर कळत नाही, मनगटाच्या एक्सरेवर कळते, असं डॉक्टर म्हणाल्या. हाडांच्या टोकांशी फटी दिसल्या, तर वाढ बाकी आहे. मिटल्या असतील तर प्लेट लावून काही उपयोग नाही.

निकाल आईनं फोनवर ऐकला आणि हात पुसत पुसत दोघींना सांगितला. "ताईची वाढ संपली म्हणे. हिची आहे, पण थोडीच. वार्षिक परीक्षेपर्यंत जेमतेम." मग आवाज खाली आणून, "तुझं अठरानंतर ऑपरेशननं होतं, बाळा."

"मला काय धाड भरलीय," थोरली तोंडापुढे हात धरून म्हणाली.

त्या दिवसापासून ती मागचं सगळं उकरून काढायला लागली. उंची धाकटीला मिळाली, चांगली वीतभर जास्त. केस धाकटीला मिळाले. जगात मोठ्या बहिणीचे कपडे लहान बहिणीला येतात. इथे धाकटीचे आखूड झालेले कपडे थोरलीला यायचे. दुकानदार वजनदार पिशवी धाकटीच्या हातात द्यायचा, गोळी थोरलीच्या. एक्सरेवाल्यानंसुद्धा आधी धाकटीलाच हाक मारली. "चला मोठ्या बाई, हात सपाट ठेवा." धाकटी खुसखुसली. मोठी मी, हे सांगायला थोरलीनं तोंड उघडलं. तो आपल्या दातांकडे बघतोय असं तिला वाटलं, आणि तिनं ते मिटून घेतलं. किती जणांना सांगायचं.

आणि आता चेहराही तिलाच.

कपाटाच्या आरशासमोर हातात दुसरा आरसा धरून ती स्वतःला बाजूनं बघायची. मग झोपलेल्या धाकटीला बाजूनं बघायची.

आता चाव.

धाकटीला चावता येईना. केळंसुद्धा दुखायचं. स्क्रू पुढे सरकत होता, दात बाहेरच्या अंगाला झुकत होते, फट मात्र पडत नव्हती.

"ताई, बरोबर फिरवतेस ना?"

"तू मोज."

"चिडू नकोस गं. तू आहेस म्हणून ठीक आहे. आई असती तर एव्हाना मी चावी गिळली असती." धाकटीनं गालावरून हात फिरवला. "आपल्या घरात एकीचं तरी तोंड बंद होऊ दे."

थोरलीला हसू आलं. मग वाटलं, ती एक हीच का?

चावी फिरवायला ती एकदाही चुकली नाही. फक्त प्रत्येक वेळी मनात म्हणायची, नको पडू दे.

परीक्षा झाली.

हस.

धाकटी हसली. डॉक्टरांनी आरसा तिच्या टाळूखाली धरला आणि बराच वेळ काढला नाही.

"चावी कोण फिरवतं?"

"मी," थोरली म्हणाली.

"अगदी बरोबर फिरवली आहेस. स्क्रू पूर्ण उघडलाय." त्या आईकडे वळल्या. "जबडा मात्र जागचा हललेला नाही. नुसते दात कलले. प्लेट आज काढून टाकू."

धाकटीचे डोळे भरले. आपलीच दृष्ट लागली, थोरलीच्या मनात आलं. तिनं बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मिटत नसलेले ओठ दातांखाली धरले, कारण आत कुठेतरी तिला बरं वाटत होतं.

"असं व्हायला नको होतं," डॉक्टर म्हणाल्या. जुनं पाकीट उघडून त्यांनी दोन्ही फिल्म दिव्याच्या काचेवर लावल्या. "ही मोठीची. सगळं मिटलेलं. आणि ही लहानची. बघा, केवढ्या फटी आहेत. हिच्या हातात तेव्हा सहा-आठ महिने नक्की होते. आता गेले ते."

काचेवर दोन पांढरे हात. खाली एक्सरेवाल्याच्या अक्षरात एकेकच शब्द. मोठी. लहान.

थोरली पुढे झाली.

'लहान' लिहिलेल्या हाताची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी होती.