पाठीची कांब

पातं गाठीपाशी अडलं आणि एकदम सुटलं. समोर बसून धनुष्याची दोरी वळणाऱ्या बायकोने तो आवाज ऐकला. नवरा मात्र तसाच खरवडत पुढे गेला.

बांबूची लांब कांब त्याने टेबलावर शिकंज्यात आवळली होती. आतली बाजू रंध्याने सपाट करून झाली होती. आता वरची मेणचट साल तेवढी काढायची, तीही खालच्या धाग्यांना धक्का न लावता. मग ही कांब लाकडाच्या पाठीला चिकटवायची. धनुष्य ओढलं की सगळा ताण या पाठीवर येतो. एखादी बारीक चीर असली तरी ती तिथूनच फुटते आणि तुकडे ओढणाऱ्याच्या तोंडावर येतात.

हे धनुष्य ओढणार होती त्यांची मुलगी.

"अहो, थांबा जरा," बायको म्हणाली. "त्या गाठीपाशी बघा. पातं लागलंय."

"आजारी मी होतो आणि कान तुझे तिखट झाले," तो हसत म्हणाला. पण त्याने पातं खाली ठेवलं. डोळे मिटून कांबेवरून अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश, पूर्वी फिरवायचा तसा. पूर्वी हा अंगठा डोळ्यांना न दिसणारी चीर हुडकून काढायचा.

आजार गेला होता. जाताना औषधांनी बोटांतली, तळव्यांतली जाणीवही नेली होती. येईल हळूहळू, असं डॉक्टर म्हणाले होते; न विचारताच पुढे म्हणाले होते, कदाचित नाहीही येणार. सकाळी त्याच्या शर्टाची बटणं बायको लावायची. लावताना दोघंही दुसरंच काहीतरी बोलायची. इस्पितळातून आल्यावर त्याने हातात घेतलेलं हे पहिलंच काम.

"काही नाही. साफ आहे," तो म्हणाला.

"मला इथून रेघ दिसतेय."

"गाठीची रेघ आहे ती. डोळ्यांना काय, सगळंच चिरल्यासारखं दिसतं."

तेवढ्यात मुलगी आत आली. तिचं जुनं धनुष्य केव्हाच ढिलं पडलं होतं. दुसरं घे म्हणून सगळे मागे लागले होते, पण बाबांच्या हातचंच घेईन म्हणून ती अडून बसली होती.

"ये, तू बघ," तो म्हणाला. "तुझ्या आईला भुतं दिसायला लागलीयत."

मुलगी वाकली. गाठीवरून तिने नख फिरवलं. नख अडलं. बायकोने ते अडलेलं पाहिलं. मुलीनेही आईकडे पाहिलं, मग बाबांकडे. तो मान पुढे काढून वाट बघत होता, निकाल ऐकायला उभा असल्यासारखा.

"छान झालीय, बाबा," ती म्हणाली. "चिकटवून टाका."

"छान?" बायकोच्या हातातली दोरी सुटली. "अगं, तोंड तुझं आहे! डोळा तुझा आहे! त्यांना वाईट वाटू नये म्हणून काय आंधळी होणार आहेस?"

मुलीने खाली बघितलं.

"नख अडलं का?" त्याने विचारलं.

"थोडंसं."

"अडलं की नाही अडलं?"

"अडलं, बाबा."

त्याने शिकंजा सोडवला. कांब उचलली, गुडघ्याला लावली आणि दोन्ही टोकं धरून वाकवली. ती फार वाकलीच नाही. कडकन आवाज झाला आणि गाठीपाशीच उभी फाटून तिचे दोन तुकडे झाले.

"बांबूच कच्चा निघाला," तो दोन्ही तुकडे वर धरून म्हणाला. "मी म्हणत होतो ना? आतून बघ कसा पांढरा आहे. वाळायच्या आधी फोडला असणार कुणीतरी. त्या बांबूवाल्याला सांगायला पाहिजे, की बाबा रे, असला माल आमच्या गळ्यात मारू नकोस. चांगला वाळलेला असता तर अशी..."

तो बोलतच राहिला. त्याच्या डाव्या तळव्यातून रक्त निघून मनगटावर आलं, तिथून कोपराकडे ओघळलं आणि फरशीवर पडायला लागलं.

"बाबा," मुलगी म्हणाली. "हात."

"काय झालं हाताला?"

मग त्याने पाहिलं. बांबूची टोकदार ढलपी तळव्यात तिरकी आत शिरली होती, टोक तेवढं बाहेर होतं. परक्या माणसाचा हात बघावा तसा तो बघत राहिला. तुकडे त्याने टेबलावर ठेवले, एकाशेजारी एक, नीट.

"दुसरा बांबू आहे ना, बाबा," मुलगी घाईघाईने म्हणाली. "मी धरते, तुम्ही सांगा कसं करायचं ते. आपण दोघं..."

"दुकानातून घे."

"बाबा..."

"दुकानातलं घे. माझ्या हातचं आता ओढायचं नाही. तूही नाही, दुसऱ्या कुणी नाही."

बायको चिमटा आणि पाण्याचं भांडं घेऊन आली. त्याला स्टुलावर बसवून तिने त्याचा हात मांडीवर घेतला. रक्त पुसलं. ढलपी चिमट्यात नीट पकडली आणि, मुलीच्या लहानपणी म्हणायची तसं, सवयीने म्हणून गेली, "दुखलं तर सांगा हं."

म्हटल्यावर तिच्या लक्षात आलं. तिने ओठ मिटून घेतले आणि ओढायला सुरुवात केली.

तो हाताकडे बघत नव्हता. किती दुखत असेल ते कळावं म्हणून तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता.