त्याच्याच शब्दांत

"विनायकभावजी म्हणाले, की त्यांचा आता राग नाही," मेथी निवडता निवडता सुलभाताईंनी नवऱ्याला बेधडक थाप मारली. विनायकचा अकरा वर्षांत फोनसुद्धा नव्हता.

मेंदूच्या झटक्यापासून श्रीधररावांना 'अमका म्हणाला की' असली वाक्यं उमगत नसत. त्यांच्या कानातलं यंत्र ती सरळ करायचं आणि ज्याच्या त्याच्या आवाजात ऐकवायचं. धाकट्या भावाचा आवाज त्यानं लग्नाच्या जुन्या व्हिडिओतून उचलला होता.

"दादा, माझा आता राग नाही," विनायक कानात म्हणाला.

सहा महिने 'हो' आणि 'पाणी' यापलीकडे शब्द न फुटलेले श्रीधरराव बोलले, "विन्या, ये."

सुलभाताई मेथी तशीच टाकून उठल्या आणि त्यांनी फोन लावला.

"भावजी, हे म्हणाले की तुम्ही या."

"वहिनी, तुम्ही पदरचं सांगू नका. तो नक्की काय म्हणाला? त्याच्याच शब्दांत सांगा."

"'विन्या, ये.' एवढंच."

"विन्या म्हणाला?"

"हो."

पलीकडे गाडीच्या किल्ल्या वाजल्या.