आठच्या आत

रात्री आठनंतर तिच्या दिराला पाण्याचा थेंबही चालणार नव्हता. उद्या सकाळी त्याची एक किडनी काढून त्याच्या थोरल्या भावाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, बसवायची होती. नवरा कालपासूनच हॉस्पिटलात होता. दिराला पीचचं कॉब्लर, म्हणजे फळांवर पिठाचा थर घालून भाजलेला गोड पदार्थ, आवडतो म्हणून तिने ते ओव्हनमध्ये ठेवलं, आणि तेव्हापासून तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. तिसऱ्यांदा दार उघडून पाहिलं, तर फळांवरचं पीठ अजून पांढरंच.

"वहिनी, सारखं उघडलंत तर ते भाजणार कधी?" दीर स्वयंपाकघरात येऊन म्हणाला.

साडेसातला एकदाचं ते खरपूस झालं, कडेने रस उकळून वर आला. तिने वाटीत वाढलं. तो फुंकर मारत, जीभ भाजून घेत खात राहिला. तिने दिवसभर मनात घोळवलेलं शेवटी तोंडातून निघालं.

"भावजी, मन कचरत असेल तर आत्ताच सांगा. डॉक्टरच नको म्हणाले, असं मी ह्यांना सांगेन. तुमचं नावसुद्धा येणार नाही."

त्याने चमचा खाली ठेवला.

"भीती वाटतेय, वहिनी. घरी एकटा असतो तर बॅग भरून पळालो असतो," तो म्हणाला. "आज इथेच झोपतो. दाराला आतून कुलूप घाला, आणि किल्ली माझ्या हाताला लागू देऊ नका."