कुरळी लोकर

"आणि हे काय गुंडाळलंयस गळ्यात?" मार्यूनने मफलरचं टोक चिमटीत धरलं, शिळा मासा शेपटीने उचलावा तसं.

तिची सून बोडिल स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती. खांद्यांवर पावसाचं पाणी, गळ्यात करड्या लोकरीचा जाडसर मफलर. आत ये म्हणून कुणी म्हटलं नव्हतं. टेबलाभोवती मंगळवारच्या बायका बसल्या होत्या, मांडीवर विणकाम, पुढ्यात कॉफी.

"मी केलाय. क्रोशाने."

"क्रोशाने!" मार्यून बायकांकडे वळली. "ऐकलंत? आमच्या बेटावर आकडी टाकतात ती मासा धरायला. कपडा दोन सुयांवर उभा राहतो, बाई. एक आत जाते, एक बाहेर येते, तेव्हा कुठे अंगाला ऊब लागते. पण डेन्मार्कच्या पोरींचं काय, एका आकडीवर संसार!"

बायका हसल्या. त्यांच्यातली रान्वा तेवढी हसली नाही. स्वेटरचा विषय निघायची वेळ झाली की ती नेहमी मान खाली घालून टाके मोजू लागायची.

लग्नात मार्यूनने या सुनेला स्वेटर दिला होता. स्वतःच्या मेंढ्यांची लोकर, स्वतः कातलेली, स्वतः विणलेली. चार वर्षं झाली, सुनेने तो एकदाही घातला नाही. हे गाऱ्हाणं दर मंगळवारी कॉफीबरोबर वाढलं जाई आणि त्याचा शेवट ठरलेला असे. "ज्या दिवशी मी दिलेलं अंगावर घालून ती माझ्या दारात उभी राहील, त्या दिवशी मी टेकडी चढेन. त्याआधी नाही."

टेकडीवर मुलाचं, हानुसचं घर होतं. तिथे नात होती, लिव. मार्यूनने तिला पाहिली होती ती चर्चमध्ये, दोन बाकं मागून. संध्याकाळी मार्यून आपल्या खिडकीशी उभी राहून वरच्या दिव्याकडे बघत राही. कुणी विचारलं तर म्हणे, मेंढ्या मोजतेय.

"आज लिवचा वाढदिवस," बोडिल म्हणाली. "केक थांबवून ठेवलाय. तुम्हाला न्यायला आलेय."

"माझी अट ठाऊक आहे ना?"

"आहे."

"मग?"

बोडिलने गळ्यातला मफलर नीट केला. न बोलणाऱ्या माणसांशी बोलायला मार्यूनला फार आवडे. तिने मफलर दिव्याकडे ओढला, तशी बोडिलची मानही ओढली गेली. क्रोशाच्या उठावदार उभ्या टाक्यांच्या वळ्या होत्या, ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा, एकीला एक लागून. कडा सरळ होत्या. कडा सरळ आहेत याचाच मार्यूनला राग आला. मग झालरीपाशी तिचा अंगठा थांबला. धागा न् धागा कुरळा होता.

"उसवलेली लोकर!" ती जिंकल्यासारखी ओरडली. "बघा, बघा! जुनेर उसवलंय आणि मिरवतेय. अगं, उसवलेल्या लोकरीची लडी करायची, धुवायची, खाली वजन बांधून वाळवायची. तेव्हा ती आधीची वळणं विसरते. एवढंही कुणी शिकवलं नाही? का तुमच्याकडे केस न विंचरताच चर्चला जातात?"

"न्हावी बोलवा मफलरला," कुणीतरी म्हणालं, आणि कपबशांसकट टेबल हसलं.

"लोकर मात्र..." मार्यूनने धागा बोटांत फिरवला. "लोकर मात्र कुणा जाणत्या बाईने कातलीय. पीळ बघा कसा आहे. अशी लोकर असल्या हातांत पडावी! कुठून उचललीस गं?"

"तुमचीच आहे, ओम्मा."

सुया थांबल्या. ओम्मा म्हणजे आजी. लिवच्या वतीने ही हाक बोडिलने आज पहिल्यांदाच मारली होती.

"दर हिवाळ्यात घालून बघायचे मी तो स्वेटर. डोक्यातून जायचा, खांद्यांशी अडकायचा. हानुस बाह्या ओढायचा, मी श्वास कोंडून धरायचे. दोघं हसत सुटायचो. गेल्या खेपेला तो हसता हसता गप्प झाला. म्हणाला, राहू दे, हा रान्वाच्या मापाचा आहे."

रान्वाचं विणकाम मांडीवर पडलं. हानुस डेन्मार्कला शिकायला गेला, त्याच्या आदल्या उन्हाळ्यात ती याच स्वयंपाकघरात स्टुलावर उभी राहिली होती. मार्यूनने तिच्या खांद्यांवरून फीत फिरवली होती आणि फिरवता फिरवता तिला सूनबाई म्हटलं होतं. मग हानुस परतला तो बोडिलला घेऊन. त्या स्वेटरचा एक टाकाही न हलवता मार्यूनने तो तिच्या हातात ठेवला.

तो तिला होणार नाही, हे मार्यूनला तेव्हाच ठाऊक होतं. दर मंगळवारी ठाऊक होतं.

कुरळा धागा अजून तिच्या बोटांत होता. त्यातली वळणं तिच्याच सुयांची होती.

"मग धुतली का नाहीस?" तिचा आवाज बारीक झाला.

"तुम्हाला ओळखू यावी म्हणून."

रान्वा उठली. खुंटीवरचा कोट काढून तिने मार्यूनच्या खांद्यांवर ठेवला. "जा, काकू. वर वारा असतो."

मार्यूनने कोटाचं एक बटण लावलं. जीभ मात्र अजून तिचीच होती. "मी दिला होता तो स्वेटर," ती म्हणाली. "हा मफलर आहे."

"हो," दारात उभी असलेली बोडिल म्हणाली. "मफलरला माप लागत नाही."