नातीलाच विचारा

बालकल्याण समितीच्या खोलीत देवराव नातीशेजारी बसले होते. दिग्रसची कापसाची जिनिंग गिरणी बंद पडून काम गेल्यापासून ते घरीच होते. पोरकी नात दीपमाला आता त्यांच्याकडे राहणार की दारव्ह्याच्या मावशीकडे, हे तिलाच विचारून ठरणार होतं. येताना जीपमध्ये त्यांनी तिला चांगलं पढवलं होतं, "म्हणजो, आबाजी मले लय मस्त सांभाळते."

"बोल बेटा, कोणाकडे राहायचं तुला?" समितीच्या मॅडमनी विचारलं.

"आबाजीपाशीच. मी गेली तर त्यायले कोण पाहीन? बीपीची गोळी खाल्ली म्हणते, अन् उशीखाली लपवून ठेवते!"

देवरावांनी मान खाली घातली.

 

मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "ठरलं तर मग. आजोबांचा ताबा दीपमालेकडे."